किनाऱ्यावरच्या राईडमध्ये इजा झाली, तर दावा साताऱ्यात बसून लावता येतो

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्याकडून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांना खंड नसतो. साताऱ्या-कराडची मंडळी कुंभार्ली उतरून गुहागरला जातात, सांगली-मिरजेची फोंडा घाटाने नाहीतर गगनबावड्यावरून मालवण-तारकर्लीला. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण अशीच गेली होती. दाजी, दोन मुलं आणि शेजारचं एक कुटुंब बरोबर होतं. किनाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

बनाना राईडवर सहा जण बसले. परतीच्या फेरीत ओढणाऱ्या बोटीवरच्या पोराने विचारलं, "पाडू का?" सगळे ओरडले, "पाड!" तोवर बोट किनाऱ्याच्या फार जवळ आली होती. त्याने झटक्यात वळण घेतलं आणि सगळे मांडीएवढ्या पाण्यात, खाली दडलेल्या वाळूच्या उंचवट्यावर आदळले. बहिणीचा उजवा हात अंगाखाली गेला. खांद्याचं हाड मोडलं. तिच्या लाइफ जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं होतं आणि त्या जागी सुतळीची गाठ मारलेली होती. ती गाठ मला नंतर फोटोत दिसली, आणि ग्राहक आयोगातल्या आमच्या तक्रारीचा निम्मा भार आज त्या एका फोटोवर आहे.

मी साताऱ्यात वकिली करतो. तरी त्या संध्याकाळी फोनवर मला दाजींना धड सल्ला देता आला नाही. तोवर त्यांनी दोन हजार रुपये घेऊन "आमची काही तक्रार नाही" अशा साध्या कागदावरच्या मजकुराखाली सही केली होती. ती सही आम्हाला अजून निस्तरावी लागते आहे. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

पहिला तास

जखमी माणसाला आधी दवाखान्यात हलवा. पण बरोबरच्या एकाला तिथेच थांबवा आणि त्याने एवढं करावं: ज्या जॅकेटमध्ये माणूस होता त्याचा पुढून-मागून फोटो, बोटीच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक, स्टॉलचा बोर्ड, दरपत्रक, आणि पडले त्या जागेचा एक सलग व्हिडिओ. व्हिडिओत कोणीतरी त्या पाण्यात उभं राहावं, म्हणजे पाणी गुडघ्याला होतं की छातीला हे बघणाऱ्याला कळेल. आमच्याकडे हाच व्हिडिओ नाही, आणि "पाणी पुरेसं खोल होतं" असं समोरच्याने कैफियतीत, म्हणजे आयोगाला दिलेल्या लेखी उत्तरात, बिनधास्त लिहिलं आहे.

पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपा. किनाऱ्यावर पावती क्वचितच मिळते, पण पैसे कोणाच्या नावावर गेले ते त्या स्क्रीनशॉटवर असतं. बोर्डावर देवाचं नाव असतं, माणूस म्हणतो "मी नुसता कामाला आहे", आणि खातं असतं तिसऱ्याच्याच नावावर. दावा कोणावर लावायचा याचा धागा तिथून मिळतो. रोख दिले असतील तर लगेच एक मेसेज टाका: "आज दुपारी सहा जणांच्या राईडचे इतके रुपये दिले, त्यात ताईच्या खांद्याला लागलं." त्यावर समोरून "हो, पण..." एवढं जरी आलं तरी तो पुरावा आहे. ज्या फोनवर हे सगळं आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

साक्षीदार घरचेच असले तरी चालतात, पण बाहेरचा एक असला तर वजन वाढतं. शेजारच्या राईडसाठी उभ्या असलेल्या अनोळखी कुटुंबाचा नंबर मागून घ्यायला लाजू नका.

आणि सही. उपचारासाठी कोणी पैसे देऊ केले तर नाकारायलाच हवेत असं नाही, गरज असते. मात्र कागदावर स्वतःच्या हाताने लिहा: "फक्त तातडीच्या उपचारासाठी, नुकसानभरपाईचा हक्क राखून." हे लिहू देत नसतील तर पैसे घेऊ नका. सही आधीच झाली असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. हाड मोडलं आहे की मुरगळलं आहे हेही कळलेलं नसताना, रडणाऱ्या मुलांसमोर घेतलेली सही म्हणजे पूर्ण तडजोड नव्हे, असं आम्ही मांडलं आहे. रक्कम किती क्षुल्लक होती आणि ती किती मिनिटांत घेतली, हे तक्रारीत तपशिलाने लिहा.

दवाखान्यात काय लिहिलं जातं

केसपेपरवर इजा कशी झाली याची एक ओळ असते. घाईत तिथे "घसरून पडल्या" असं लिहिलं जातं आणि वर्षभराने समोरचा वकील तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "समुद्रावरच्या बनाना राईडवरून उथळ पाण्यात पाडल्यामुळे." मेडिको-लीगल केस (एमएलसी), म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्याची नोंद, करायला सांगा. किनाऱ्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फक्त पट्टी बांधून साताऱ्याला किंवा मिरजेला आणलं असेल, तरी त्या पहिल्या केंद्राचा केसपेपर जपा. इजा त्याच दिवशीची आहे हे तोच सांगतो.

मेडिक्लेमबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. "साहसी खेळ आहे, क्लेम बसणार नाही" असं एजंटसुद्धा सांगतात. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादात, म्हणजे एक्स्क्लुजन कोड ०९ मध्ये, व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेणाऱ्यांचा उपचारखर्च वगळलेला आहे. सुट्टीत एकदा बनाना राईडवर बसलेली गृहिणी व्यावसायिक नाही. आपल्या पॉलिसीतला मजकूर शब्दशः वाचा आणि क्लेम टाका.

पोलीस

घटना किनाऱ्यावर घडली आणि तुम्ही परत आलात, म्हणून हक्क गेला असं होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. सातारा शहर ठाण्यात दिली तरी ती पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होते आणि प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. तरीही जमत असेल तर किनाऱ्याच्या हद्दीतल्या ठाण्यातच जा, कारण पंचनामा तेच करणार आणि बोट-जॅकेट तेच ताब्यात घेणार.

ठाण्यात बऱ्याचदा अदखलपात्र नोंद करून बोळवण होते. म्हणून कलमं माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ हयगयीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालण्याबद्दल आहे. हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम २८२ बेदरकारपणे बोट चालवण्याचं. कलम २८४ भाडं घेऊन असुरक्षित किंवा जास्त माणसं भरलेल्या बोटीतून नेण्याचं. माणूस दगावला असेल तर कलम १०६. अर्जात घटना लिहा आणि खाली ही कलमं सुचवा. ठाणे ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांचा रस्ता आहे.

फौजदारी केस आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. चालक सुटला म्हणून भरपाई बुडत नाही. एकीच्या निकालासाठी दुसरी थांबवूही नका, कारण मुदत कोणासाठी थांबत नाही.

कोणाकोणाला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करायचं

बोट चालवणारा पोरगा बहुतेक वेळा हंगामी कामगार असतो. महिन्याने तो गावी गेलेला असतो. त्याचं नाव माहीत नाही म्हणून अडून राहू नका. कामगाराच्या हयगयीला मालक जबाबदार असतो. २००४ साली सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णालयाविरुद्धच्या तक्रारीत उपचार करणाऱ्या डॉक्टरला सामील केलं नाही म्हणून तक्रार बाद होत नाही. तोच न्याय राईडच्या मालकाला लावून मागता येतो.

मालकाच्या पुढेही बघा. राईड रिसॉर्टने पॅकेजमध्ये दिली होती का? सहलवाल्याने कार्यक्रमपत्रिकेत छापली होती का? तुम्ही पैसे रिसॉर्टला दिले आणि त्यांनी बाहेरचा बोटवाला बोलावला, तर रिसॉर्टला "आमचा संबंध नाही" म्हणणं सोपं नाही. कोवळमच्या हॉटेलच्या जलतरण तलावात २००६ साली एका पाहुण्याचा बुडून मृत्यू झाला. हॉटेल केरळ पर्यटन विकास महामंडळाचं होतं. जीवरक्षक म्हणून नेमलेल्या माणसाकडे बारचंही काम दिलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख ५० हजारांची भरपाई कायम ठेवली. हा निकाल मी बहिणीच्या तक्रारीला जोडला आहे. पाण्यात माणूस उतरवून पैसे घेणाऱ्यावर त्याच्यावर नजर ठेवण्याचीही जबाबदारी येते, हे त्यातून थेट मांडता येतं.

विमा कंपनी समजली तर तिलाही सामील करा. रक्कम प्रत्यक्ष हातात पडायची झाली तर बहुधा तिच्याकडूनच पडते.

शाळेच्या सहलीत मुलाला लागलं असेल तर राईडवाल्याबरोबर शाळेलाही विचारता येतं: पालकांच्या संमतीपत्रात पाण्यातल्या राईडचा उल्लेख होता का, आणि त्या वेळी शिक्षक कुठे होते?

हे सगळं समुद्रापुरतं नाही. तापोळ्याला, बामणोलीला शिवसागर जलाशयात किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर पैसे देऊन बोटीत बसलात, तरी ग्राहक म्हणून हक्क हेच.

"स्वतःच्या जबाबदारीवर" असा बोर्ड

लोक सगळ्यात जास्त इथे खचतात. बोर्डावर लिहिलेलं असतं, फॉर्मवर सही घेतलेली असते, आणि आमच्यासारख्यांनी तर "पाड" असंही ओरडलेलं असतं.

खेळाची जी अंगभूत जोखीम आहे ती तुम्ही स्वीकारलेली असते, हे खरं. खोल पाण्यात पडणं, नाकात पाणी जाणं, थोडं खरचटणं यासाठी कोणी भरपाई देणार नाही. पण वाळूच्या उंचवट्यावर पाडणं, तुटकं जॅकेट देणं, सहाच्या जागी नऊ बसवणं, पाण्यात माणसं असताना बोटीचा पंखा चालू ठेवून जवळ येणं, दारू प्यायलेल्याच्या हाती जेट स्की देणं, याला तुम्ही होकार दिलेला नसतो. "पाड" म्हणणाऱ्याला पाणी किती खोल आहे ते माहीत नसतं. पाडणाऱ्याला ते माहीत असायला हवं, त्याच ज्ञानाचे तो पैसे घेतो.

गाडी हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेली त्या ताजमहाल हॉटेल प्रकरणात, २०१९ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या किंवा नोकरांच्या हयगयीची जबाबदारी हॉटेलला "मालकाच्या जोखमीवर" असं छापून झटकता येत नाही. गाडीला जो न्याय, तो माणसाच्या खांद्याला का नको? युक्तिवादात हा प्रश्न जरूर विचारा.

मसुदा करताना एक काळजी घ्या. "हा करार अनुचित असल्याचे जाहीर करावे" अशी मागणी जिल्हा ग्राहक आयोगात करू नका. अनुचित कराराची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राज्य आयोगाकडे जाते आणि समोरचा तेवढ्यावरच तुमचा वेळ खाईल. मागणी सेवेतील त्रुटीची ठेवा आणि तो बोर्ड हयगयीला लागू पडत नाही एवढंच म्हणा.

परवान्याची चौकशी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडेचे परवाने मेरीटाईम बोर्ड देतं. त्यांच्या प्रादेशिक बंदर कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सिंधुदुर्गासाठी वेंगुर्ला, रत्नागिरीसाठी रत्नागिरी. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. मागायचं ते नेमकं मागा: अमुक नोंदणी क्रमांकाच्या बोटीचा त्या तारखेचा परवाना, परवान्याच्या अटी, सर्वेक्षण प्रमाणपत्र, मंजूर प्रवासी संख्या, विमा पॉलिसीची प्रत, चालकाचं प्रशिक्षण प्रमाणपत्र. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होती का, हे दुसऱ्या अर्जाने विचारा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. बंदीच्या दिवसांत राईड चालवली असेल तर तेवढी एक गोष्टच तुमची बाजू भक्कम करते.

परवाना नव्हता असं उत्तर आलं तर खुश होऊन थांबू नका. विनापरवाना माणसाकडे विमाही नसतो. अशा वेळी पैसे वसूल होतील असा दुसरा सामनेवाला, रिसॉर्ट किंवा सहलवाला, आहे का हे आधी बघा.

तक्रार कुठे आणि कशी

आमच्या भागातले निम्मे लोक "तारखांना मालवणला कोण जाणार" म्हणून दावा सोडून देतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात, सांगलीच्याने सांगलीत. बोटवाल्याने घाट चढून यायचं.

अधिकारक्षेत्र तुम्ही मागता त्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. राईड तीनशेची आणि मागणी दहा लाखांची असली तरी जिल्हा आयोगच. शिवाय मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. पैसे दाजींनी दिले आणि लागलं बहिणीला, तरी तीही ग्राहक आहे, कारण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा त्या व्याख्येत बसतो.

मुदत दोन वर्षं, इजा झाल्या दिवसापासून. उशीर झाला तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका.

आधी नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण उत्तरात समोरचा काहीतरी कबूल करून बसतो. स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवस द्या, पोहोच जपा. मग तक्रार: घटना तारीखवार, त्रुटी कोणत्या, मागणी किती, सोबत शपथपत्र आणि कागदांची यादी. ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नुसती चौकशी करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माणूस गेला असेल तर वारसांनी तक्रार करायची. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. अशा प्रसंगात घरच्यांना पहिले कित्येक महिने कागदाकडे बघवत नाही. जवळच्या कोणीतरी दोन वर्षांची तारीख लिहून ठेवावी आणि शवविच्छेदन अहवाल, पंचनामा यांच्या प्रती मागून ठेवाव्यात. दिवाणी न्यायालयात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली जायचं ठरलं, तरी मुदत दोनच वर्षं आहे.

किती मागायचे

उपचाराची बिलं, प्रवास, फिजिओथेरपी, बुडालेले दिवस, यातना, हे सगळे लावतातच. कमी पडतं ते पुढच्या कमाईच्या नुकसानीत.

बहीण घरी ब्लाऊज शिवते. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात अपंगत्व कमी टक्के आलं, कारण डॉक्टर हात किती वर जातो ते मोजतात. पण कात्रीला आणि मशीनच्या चाकाला लागणारा उजवा हात संध्याकाळपर्यंत तिला साथ देत नाही. २०१० च्या राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक सांगितला: शरीराचं अपंगत्व एक आणि त्या माणसाच्या कामाच्या दृष्टीने कमाईचं नुकसान दुसरं. हिशोबाला २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, वापरा. तो मोटार अपघातांसाठी आहे, पण इथेही आधार म्हणून मांडता येतो. समजा वय ३८, महिन्याची कमाई १५,०००, कमाईचं नुकसान २० टक्के. वर्षाचे १,८०,०००, त्याचे २० टक्के ३६,०००, वय ३६ ते ४० साठी गुणक १५, म्हणजे ५,४०,०००. बिलं याच्या वर.

कमाईचा पुरावा नाही म्हणून बायका हा आकडा मागतच नाहीत. बहिणीची मापांची वही आम्ही दाखल केली. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर गिऱ्हाईकाचं नाव, छाती-कंबर-बाहीचे आकडे, कोपऱ्यात शिलाई. इजा होईपर्यंत एकेका पानावर दाटीवाटीने चार-चार मापं आहेत. त्यानंतर साडेतीन महिने पानं कोरी, आणि पुढे पानाला एखादं माप, तेही पिको-फॉलचं. सोबत दोन गिऱ्हाइकांची शपथपत्रं जोडली. तुमच्याकडे दुधाचं कार्ड असेल, भाजीच्या गाळ्याची पावती असेल, शिकवणीची हजेरी असेल. ते द्या.

नंतर

सामनेवाल्याला कैफियतीसाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांनंतर ती घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. ही तारीख वहीत मांडून ठेवा आणि त्या दिवशी आयोगात हजर राहा. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा कागद एकाच फाइलीत पानक्रमांक घालून ठेवा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या, पण डॉक्टरांनी उपचार पूर्ण झाल्याचं लिहून दिल्याशिवाय अंतिम आकडा मान्य करू नका. खांद्याला दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, हे पहिल्या सहा महिन्यांत कळत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. समोरच्याने अपील केलं तर त्याला आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. निकाल बाजूने लागूनही पैसे आले नाहीत तर त्याच जिल्हा आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावा. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. दरखास्तीत बोटीचा नोंदणी क्रमांक पुन्हा लिहा आणि ती बोट जप्त करण्याची मागणी करा.